भिंगरीची रुसलेली चाकं

दसऱ्याच्या संध्याकाळी आबा सरनोबत आपट्याची पानं घेऊन निघाले ते आपल्या जुन्या मित्राला, बापूसाहेबांना, सोनं द्यायला. आणि पोचले ते थेट म्हशीच्या गोठ्यात. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," म्हणून त्यांनी पानं पुढे केली. बापूसाहेब काही बोलेनात. म्हातारा कमी ऐकू येत असल्याचं सोंग करतोय, असं वाटून आबांनी तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं. तेव्हा म्हशीनं पानं खाऊन टाकली.

हसू आलं ना? यायलाच पाहिजे. पण सरनोबतांच्या घरात त्या संध्याकाळी कुणीच हसलं नाही.

ही गोष्ट आहे तुमची नातवंडं शाळेत जात असतील त्या काळातली. तेव्हा कोल्हापुरात मोटारी आपल्या आपण धावत होत्या, घराघरावर सूर्याच्या उन्हातून वीज बनत होती, आणि तांबडा रस्सा मात्र होता तेवढाच तिखट राहिला होता. आबा, म्हणजे जुईचे आजोबा, नावाजलेले धातुशास्त्रज्ञ (धातूंचे गुण-अवगुण अभ्यासणारे शास्त्रज्ञ). उतारवयात डोळ्यांचे पडदे खराब होऊन त्यांची नजर गेली. पण माणूस घरात बसणारा नव्हे, म्हणून एका संस्थेकडून त्यांच्यासाठी भिंगरी आली.

भिंगरी म्हणजे गुडघ्याएवढी यंत्रसोबतीण. दोन बाजूंना ॲल्युमिनियमची आरशासारखी चाकं आणि वर आबांनी धरायचा दांडा. ती पुढे आणि आबा मागे, असे दोघं सकाळी फुलवाल्याकडे जायचे, संध्याकाळी बापूसाहेबांच्या कट्ट्यावर. वाटेत आबा तिला जुन्या कुस्त्यांच्या गोष्टी सांगायचे आणि ती "मग पुढं?" असं विचारायची. ती रस्ता कधी म्हणजे कधी चुकली नव्हती.

"आज म्हैस होती म्हणून निभावलं," जुईचे बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता, पण हात आबांच्या सदऱ्याला चिकटलेला कडबा झटकत होते. "उद्या समोर भरधाव गाडी असली तर? आबा, सोमवारी संस्थेची माणसं येऊन भिंगरीला घेऊन जातील. आणि इथून पुढं तुम्ही एकटं बाहेर पडायचं नाही."

एरवी मिठाच्या चिमटीवरूनही वाद घालणारे आबा नुसतं "बरं" म्हणाले. त्यांनी भांडण केलं असतं तर जुईला परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात भिंगरीसमोर बसकण मारून बसली. चाकांवर खंडेनवमीच्या पूजेच्या झेंडूच्या माळा अजून तशाच होत्या.

"खरं सांग, कशी चुकलीस?"

"मी चुकले नाही," भिंगरी म्हणाली. "डेअरीपासून बापूसाहेबांची गल्ली जितकी लांब आहे, तितकं अंतर मोजलं आणि वळले."

"अगं, तू तिच्या पुढच्या गल्लीत वळलीस."

"मग गल्ली हलली असेल."

ओसरीवर बसलेल्या आबांना कालपासून पहिल्यांदा हसू फुटलं. ते भिंतीच्या आधारानं उठून अंगणात आले. "गल्ली हलत नसते गं बायांनो. मोजणी हलली आहे. जुई, ही अंतर मोजते कशी, ठाऊक आहे?"

जुईनं मान हलवली, मग आबांना ते दिसत नाही हे आठवून "नाही" म्हणाली.

"हिला समोर गाढव उभं राहिलं तर दिसतं, पण ते कुठल्या गल्लीतलं हे कळत नाही. उपग्रहाचा इशारा आपल्या चिंचोळ्या गल्ल्यांत नीट पोचत नाही. म्हणून ही चाकाचे फेरे मोजते. चाकाच्या आतल्या बाजूसमोर एक बारीक दिवा आहे आणि त्याच्या शेजारी प्रकाशसंवेदक (उजेड आला की नाही हे ओळखणारा यंत्राचा डोळा). दिव्याचा उजेड चकचकीत धातूवर पडतो आणि उलटून त्या डोळ्यात येतो. चाकावर एक काळा पट्टा आहे. तो समोर आला की उजेड परतत नाही. उजेड, अंधार, पुन्हा उजेड, की झाला एक फेरा. आता सांग, उजेडच नीट परतला नाही तर काय होईल?"

जुईनं डोळे मिटून चाक फिरताना पाहिलं. "मग काही फेरे मोजलेच जाणार नाहीत. भिंगरीला वाटेल, आपण अजून कमीच चाललोय. आणि ती..." ती थांबली. "ती पुढं जात राहील. म्हशीपर्यंत."

"शाबास. माळा काढ बघू."

माळा निघाल्या आणि आबांनी चाकावर बोटं ठेवली. बोटं फिरता फिरता थबकली. "हे खरखरीत कसं झालं? जुई, चाकांना काय लावलं होतंस?"

जुईचा चेहरा उतरला. खंडेनवमीला घरोघरी हत्यारं-अवजारं धुऊनपुसून पुजतात. भिंगरी तर आबांचे डोळे, तेव्हा तिची पूजा झोकात व्हायला हवी, असं तिनं ठरवलं होतं. आईनं चिंच-मीठ लावून तांब्याचा कलश लखलखीत केला होता. उरलेलं चिंच-मीठ जुईनं चाकांना आतून-बाहेरून चोपडलं आणि दुपारभर ठेवलं. चाकं निस्तेज झाली. मग ती कोपऱ्यावरच्या, चुलीवर भाकरी करणाऱ्या हॉटेलातून राख घेऊन आली आणि ओल्या राखेनं चाकं घासत सुटली. जितकी घासावी तितकी ती जास्तच काळवंडली. शेवटी तिनं वर जाड माळा घातल्या आणि कुणाला काही दिसलं नाही.

"म्हणजे मीच तुम्हाला गोठ्यात धाडलं, आबा," असं म्हणून ती रडायलाच लागली.

आबांनी हात पुढे करून तिला शोधलं आणि जवळ ओढलं. "वेडी की काय. त्या म्हशीचा दसरा तरी साजरा झाला. आणि तुझा उपाय खोटा नव्हता बाळ, तो तांब्याचा होता. खोकल्याचं औषध पोटदुखीला दिलं तर गुण कसा येईल?"

"पण धातू तर दोन्ही आहेत ना?"

"आहेत, पण स्वभाव वेगळे. हवेतला प्राणवायू धातूला चिकटला की त्याचं ऑक्साइड (धातू आणि प्राणवायू मिळून बनलेला नवा पदार्थ) तयार होतं. तांब्यावर ते काळपट दिसतं. चिंचेतलं आम्ल (आंबट चवीचं द्रव्य) ते विरघळवून टाकतं, म्हणून कलश उजळतो. ॲल्युमिनियमवरही ऑक्साइड बसतं, पण ते इतकं पातळ आणि पारदर्शक असतं की आपल्याला दिसतच नाही. आणि इतकं घट्ट, की खालच्या धातूपर्यंत पुढचा प्राणवायू पोचू शकत नाही. तांब्यावरचं ऑक्साइड म्हणजे मळ. ॲल्युमिनियमवरचं ऑक्साइड म्हणजे चिलखत."

"आणि मी चिलखतच खरवडलं?"

"चिंचेनं ते कमजोर केलं, मिठानं बारीक खड्डे पाडले. राखेत असतो अल्क, म्हणजे आम्लाच्या उलट स्वभावाचा पदार्थ. ओली राख हाताला बुळबुळीत लागते ना, ती त्याच्यामुळेच. त्यानं उरलंसुरलं चिलखत विरघळवलं आणि धातूलाच कुरतडलं."

जुईनं नाक पुसलं. "पण खड्ड्यांनी चमक का गेली?"

"गुळगुळीत फरशीवर चेंडू टाकलास तर नेमका कुठं उडेल ते सांगता येतं. खडीवर टाकला तर वाट्टेल तिकडे उडतो. उजेडाचंही तसंच. गुळगुळीत पृष्ठभागावरून सगळा उजेड एका दिशेनं परततो, त्याला आपण चमक म्हणतो. खडबडीत झाला की उजेड विखुरतो. आता खडीची फरशी करायची, एवढंच. भिंगरी, बैस."

"मी बसलेलीच असते," भिंगरी म्हणाली.

आधी साबणाच्या पाण्यानं चाकं धुऊन कोरडी केली. वरचा मळ गेला, डाग राहिले. कारण ते मळाचे नव्हतेच, खड्ड्यांचे होते. मग आबांच्या जुन्या पेटीतून पॉलिशपेपर निघाले. जुईनं धीर न धरता सगळ्यात मऊ कागद उचलला.

"अति घाई संकटात नेई," आबा म्हणाले. "आधी जरा भरड कागद, तोही पाण्यात भिजवून. तो खड्ड्यांच्या कडा घासून सपाट करेल आणि स्वतःचे ओरखडे ठेवील. त्याहून बारीक कागद ते ओरखडे काढेल आणि स्वतःचे आणखी बारीक ठेवील. असं करत करत ओरखडे इतके बारीक होतात की उजेडाला ते आडवेच येत नाहीत. मग पॉलिशचा लेप आणि मऊ कापड. फक्त काळ्या पट्ट्याला धक्का लावू नकोस."

दोघं कामाला लागले. जुई घासायची, डोळ्यांनी बघून "झालं" म्हणायची. आबा बोटं फिरवून "इथं बाकी आहे" म्हणायचे, आणि दर वेळी तेच खरे ठरायचे. तिचे खांदे भरून आले. लेपाचं कापड काळंकुट्ट झालं, ते तिनं बदललं, पुन्हा चोळलं. आणि ऊन कलता कलता धातूतून चमक वर आली.

"आबा, पण चिलखत? ते आता कोण बसवणार?"

"कुणी नाही. हवा लागली की ते आपलं आपण बसतं. तू हा प्रश्न विचारेपर्यंत बसलंसुद्धा. जखम झाली की लगेच भरून काढणारा धातू आहे हा."

जुईनं चमकणाऱ्या चाकावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "आबा, डोळ्याचा पडदाही कधी असा आपला आपण भरून निघेल?"

आबांनी चाचपून पॉलिशपेपर पेटीत ठेवले. "आज नाही," ते म्हणाले. "पण तुझ्यासारखं कुणीतरी विचारत राहिलं, तर का नाही?"

बाबा केव्हापासून दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मी एकटा हिच्याबरोबर जाऊन येतो," एवढंच बोलून त्यांनी भिंगरीचा दांडा धरला. जुई फाटकाला चिकटून उभी राहिली. भिंगरी डेअरीपर्यंत गेली, पुढे सरकली, आणि बरोबर बापूसाहेबांच्या गल्लीत वळली. परत आल्यावर बाबा म्हणाले, "पुन्हा," आणि पुन्हा निघाले. तिसऱ्यांदा आल्यावर त्यांनी खिशातून फोन काढला आणि संस्थेला सांगितलं, सोमवारी येऊ नका.

आबांनी ते ऐकलं, पण ऐकलं असं दाखवलं नाही. ते चाकापुढे वाकले. "जुई, खरंच आरशासारखं झालंय का? काय दिसतं त्यात?"

"तुमचं तोंड दिसतंय."

"कसं दिसतंय?"

"दाढी वाढली आहे आबा. अगदी खुंटच खुंट."

"हात्तिच्या. मग हे तोंड घेऊन बापूसाहेबांकडे कसं जाऊ? आधी दाढीच करून येतो." आबांनी टोपी घातली.

बाबा पटकन पुढे झाले. "थांबा, मी पण ये..." एवढं बोलून ते थांबले. मग त्यांनी भिंगरीचा दांडा आबांच्या हातात दिला, त्यांची टोपी जरा सरळ केली आणि म्हणाले, "लवकर या आबा. जेवायला थांबतो."

आबा आणि भिंगरी रस्त्याला लागले. "तर कुठवर आलो होतो आपण? हां, त्यानं धोबीपछाड टाकला," असं आबा सांगत होते आणि भिंगरी "मग पुढं?" असं विचारत होती. न्हाव्याच्या गल्लीत ते दोघं वळेपर्यंत बाबा फाटकातच उभे होते. मग जुईनं त्यांचा हात धरला आणि दोघं ताटं मांडायला आत गेले.