काठी कुणाच्या हाती होती

फाल्गुनातली पहाट कानोली नदीच्या पात्रावर उतरली, तेव्हा खैरवाड्याच्या भुईकोटाच्या चारही बुरुजांवर पहारेकरी डोळ्यांत तेल घालून उभे होते आणि तोफेच्या माऱ्याबाहेर सरदार गुणाजी बारवकरांच्या दोन हजार घोड्यांची छावणी जांभया देत उठत होती. वेढ्याचा हा सतरावा दिवस. कोटात किल्लेदार रायाजीराव, त्यांची दीडशेची शिबंदी आणि आश्रयाला आलेला सारा गाव, मिळून सातशे माणसं.

कोटावरून वरच्या अंगाला पाहिलं की गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेला दगडी बंधारा दिसे, बंधाऱ्यातून निघालेला पाट दिसे आणि पाटाखाली एकापुढे एक चार फड, म्हणजे शेताचे सलग तुकडे. प्रत्येक फडात प्रत्येक घराची एक पट्टी. पाणी कमी पडलं की पंच एक फड कोरडा ठेवीत आणि मग पाटलाचं आणि गड्याचं तोंड सारखंच वाळे. ही व्यवस्था ज्यांनी लावली त्या पूर्वजांचा माणसाच्या सद्गुणांवर फारसा भरवसा नसावा; म्हणूनच लोभाला बसायला त्यांनी कुठे पाटच मांडून ठेवला नव्हता.

महिपत पाटलांनी तो मांडला. बारा वर्षांत, एकेक करून, कुणाची पट्टी घराजवळ पडेल म्हणून, कुणाची नडीअडीला म्हणून, अशा गोड गोड अदलाबदली करीत त्यांनी आपल्या आणि नडलेल्यांकडून घेतलेल्या साऱ्या पट्ट्या पहिल्या फडात आणल्या आणि तिथल्या इतरांना खाली सरकवलं. पहिला फड म्हणजे पहिलं पाणी. गावाने हरकत घेतली नाही, कारण प्रत्येकाला फक्त आपली अदलाबदल दिसली; बेरीज कुणी केलीच नाही.

शत्रूच्या घोड्यांनी चौथा फड खाल्ला, तिसरा खाल्ला, दुसऱ्याची धसकटं उरली. पाट मात्र त्यांनी फोडला नाही. दोन हजार घोडी त्यावरच पाणी पीत होती. पाट वाहता ठेवायला पाटकरी लागतो, म्हणून झिपरू पाटकरी रोज सकाळी खांद्यावर फावडं टाकून कोटाच्या दिंडीतून बाहेर पडे आणि छावणीवाले त्याला वाट देत. त्यांना एवढंच ठाऊक नव्हतं, की त्याच पाटाच्या तळातून एक खापरी नळ जमिनीखालून कोटातल्या हौदात येतो. त्याचं तोंड कुठे आहे हे महिपत पाटील धरून पाच पंच आणि झिपरू, एवढीच माणसं जाणत.

त्या दिवशी बारवकरांचा कारकून हरबाजी बोलणी करायला कोटात आला. रायाजीरावांनी त्याला पानसुपारी दिली आणि कोट मात्र दिला नाही. परतताना त्याला दिंडीपर्यंत पोचवायला महिपत पाटील निघाले.

"पाटीलबुवा," हरबाजी चालता चालता म्हणाला, "तो पहिला फड कुणाचा?"

"गावाचा."

"गावाचा कसा? सगळा आपलाच म्हणून बातमी आहे. गहू तर दृष्ट लागण्यासारखा आहे हो! दुसरीकडे पाटलाला राजी करायचं तर अख्खी शीव राखावी लागते. आपण आमचं काम भलतंच सोपं करून ठेवलंत." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "एवढ्या माणसांना पाणी कुठून येतं ते मी विचारत नाही. ते बंद व्हावं, एवढंच. तीन दिवसांत किल्लेदार खाली उतरतील, मानाने वाट देऊ. रक्त नाही, काही नाही. आणि पहिल्या फडात आमचं घोडं तोंड घालणार नाही."

महिपतरावांनी नकार दिला नाही. रक्त नाही, हा शब्द त्यांनी जवळ ठेवून घेतला. पुढचे दोन दिवस स्वतःला सांगायला तो फार उपयोगी पडला.

खैरवाड्यात पाण्याचा हुकूम काठीने चाले. पाणी मोजायची, खाचा पाडलेली सागाची काठी पंचांपैकी जो घेऊन येईल, त्याचं बोलणं पाचांचं बोलणं. पाटकऱ्याने कारण विचारायचं नाही, आणि हुकूम कुणी आणला ते कधी, कुणापाशी सांगायचं नाही. दुसऱ्या सकाळी महिपतराव काठी घेऊन झिपरूपुढे उभे राहिले.

"नळाचं तोंड बंद कर."

झिपरूने काठीकडे पाहिलं, मग पाटलांकडे. "जी," म्हणाला आणि गेला.

तिसऱ्या दिवशी हौदाचा तळ दिसला. चौथ्या दिवशी बायका ओली माती फडक्यात बांधून पोरांच्या ओठांवर पिळू लागल्या आणि बंदुकांच्या नळ्या पुसायलाही पाणी उरलं नाही. रायाजीरावांनी सदर भरवली. रोज बाहेर जाणारा माणूस एकच. त्याला मुसक्या बांधून उभं केलं.

"नळ तू बंद केलास?"

"केला, सरकार."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"काठीच्या."

"काठी कुणाच्या हाती होती?"

"ते पाटकरी सांगत नाही, सरकार."

"सातशे जीव तहानेने तडफडताहेत आणि तू आम्हांस रिवाज शिकवतोस?"

"रिवाज माझा नाही, जी. आज एक नाव सांगितलं, तर उद्या प्रत्येक जण विचारील, माझं पाणी कुणी तोडलं. बांधाबांधावर डोकी फुटतील. माझं एकट्याचं फुटलं तर स्वस्तात पडेल."

गर्दीतून झिपरूची बायको भुरी ओरडली, "अरे मेल्या, बोल की! जीभ काय पाटात वाहून गेली?"

"तू गप, भुरे. हे घरातलं नाही."

"दुपारी तोफेच्या तोंडी द्या," रायाजीराव म्हणाले आणि उठले.

महिपत पाटील खांबाशी उभे होते. त्यांचा हिशोब चोख होता: जाणणारा एकटाच, तो दुपारी जाणार, संध्याकाळी कोट उतरणार, गहू शाबूत. हिशोबात न बसणारी गोष्ट एकच घडली. झिपरूची नजर साऱ्या सदरेवरून फिरली, फक्त त्या खांबाकडे आली नाही. चुकूनही येऊ नये, कुणाला संशय येऊ नये, म्हणून तो मान मुद्दाम दुसरीकडे वळवीत होता. ज्याला आपण फसवलं तो आपल्याला लपवतो आहे, हे कळताच महिपतरावांच्या कानशिलांपर्यंत आग चढली.

"किल्लेदारसाहेब," ते पुढे झाले. "काठी माझ्या हाती होती. बाकीच्या पंचांना ठाऊक नाही. पहिला फड वाचवण्यासाठी मी केलं."

रायाजीरावांचा हात तलवारीच्या मुठीवर गेला.

"मान घ्या, पण उद्या," महिपतराव म्हणाले. "आज झिपरूला सोडा आणि मलाही बाहेर जाऊ द्या. शत्रू मला आपला माणूस समजतो. झिपरू नळ उघडेपर्यंत मी त्यांना बोलण्यात गुंतवतो."

रायाजीरावांनी मुठीवरचा हात काढला. "आणि आपण परत आला नाहीत तर?"

"तर साहेबांचा एक घाव वाचला."

भर उन्हात दिंडी उघडली. झिपरू फावडं घेऊन पाटाकडे वळला; पाटील सरळ छावणीत गेले. हरबाजीने दोन्ही हात पसरले. "या, आमचे पाटील आले! किल्लेदार उतरतात ना?" पहिल्या फडाच्या बांधावर गालिचा अंथरला गेला, शेला पांघरला गेला, गुडगुडी पुढे आली. कोटाच्या तटावर सारा गाव उभा राहून पाहत होता, हे महिपतरावांना पाठीला कळत होतं. झिपरू खोल पाटात वाकलेला, कंबरेच्या वर दिसतही नव्हता. पाटलांनी अटी घातल्या, त्या मागे घेतल्या, आणखी तंबाखू मागितली. अखेर झिपरू फावडं खांद्यावर टाकून कोटाकडे चालू लागला.

तेव्हा ते उठले. गुडगुडीवरची चिलीम उचलली आणि तिच्यातले निखारे शेल्यासकट वाळल्या गव्हात फेकले.

वारा पश्चिमेचा होता. बारा वर्षांच्या अदलाबदली पाऊण घटकेत जळाल्या. हरबाजीच्या पट्ट्याच्या वाराने महिपतरावांचा डावा हात मनगटापासून तुटला; त्या धुरातच ते पाटात कोसळले आणि आग पाहून वाटेतून परत फिरलेल्या झिपरूनेच त्यांना दिंडीपर्यंत ओढत नेलं. दोन हजार घोड्यांना वैरणीची काडी उरली नाही. तिसऱ्या दिवशी वेढा उठला.

रायाजीरावांनी मान मागितली नाही. "गाव सांगेल तसं," म्हणाले. आणि गावाने काहीच सांगितलं नाही. चैत्रात पंच बसले, सारे फड नव्याने मोजले, आणि प्रत्येक घराला प्रत्येक फडात एकेक पट्टी दिली. महिपतरावांनाही दिली, इतरांएवढीच. शिव्या द्यायला कुणी दारात आलं नाही. लोक वाटेत भेटले की पूर्वीसारखंच "रामराम, पाटील" म्हणत आणि तेवढं ऐकावं लागू नये म्हणून महिपतराव लांबच्या वाटेने जात.

पुढल्या साली गहू चांगला आला. खळ्यावर पाटकऱ्याचा हक्क दर पट्टीला एक पेंढी, असा ठरलेला. महिपतरावांनी थोट्या हाताने सावरत, गड्याला न सांगता, बारा पेंढ्या डोक्यावर घेतल्या आणि झिपरूच्या दारात नेऊन टाकल्या.

झिपरू पाटावर होता. भुरीने बाहेर येऊन चार पेंढ्या उचलून आत ठेवल्या. मग उरलेल्यांकडे बोट दाखवून, अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, "आमच्या चार आल्या, पाटील. ह्या कुणाच्या?"

शेजारणी सूप थांबवून पाहत होत्या. महिपतराव वाकले, एकेक करून आठ पेंढ्या पुन्हा डोक्यावर चढवल्या. भुरीने शेवटच्या दोन उचलायला हात लावला. मग भर दुपारी, गावाच्या मधल्या वाटेने, ते त्या घेऊन घरी परतले.