शून्य क्रमांकाचं रक्त

अमरावतीच्या जनुकवाचन केंद्रात, काचेच्या एका वाटीत, मसुराच्या डाळीएवढा डोळ्याचा पडदा वाढत होता. शेवंती लांजेवारच्या रक्तातल्या पेशींना हेमांगी वानखडेनं पाच महिने खाऊपिऊ घालून, चुचकारून, पडद्याच्या पेशी व्हायला लावलं होतं. केंद्रात त्याला 'पडदारोप' म्हणत. खरी शेवंती नऊ वर्षांची होती, आणि दिवस कलला की तिला ताटातली भाकरीही चाचपावी लागायची.

तीनदा तिचं रक्त जनुकं वाचणाऱ्या यंत्रात गेलं, तीनदा उत्तर आलं : निर्दोष. जनुकातली चूक सापडल्याशिवाय औषध बनत नाही, आणि पडद्याच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शेवंतीच्या हाती फार तर वर्षभराचा उजेड होता. तिसऱ्या खेपेला तिची आई कुसुमताई कागद घडी घालत म्हणाली होती, "तुमच्या मशीनले काही दिसत नाही म्हंता. माया पोरीलेबी दिसत नाही. मंग आंधळं कोन हाय?"

ते हेमांगीला झोंबलं, म्हणून तर हे रोप लावलं होतं. आज त्यातला जनुकाचा संदेश वाचून झाला, आणि तिनं केंद्राचे संस्थापक डॉ. वामन ठोंबरे यांना बोलावून घेतलं. साठी ओलांडलेले सर हातात चहाचा कप घेऊनच आले. रक्तात सगळं ठीक असताना इथं निराळं काय सापडणार, असं त्यांनी विचारलं. परीक्षा घेतल्यासारखं.

"रक्तात हा संदेश उमटतच नाही, सर. तो डोळ्यातच उमटतो."

हेमांगीचे वडील परतवाड्याला शिंपीकाम करायचे, त्यामुळे तिचं सांगणंही त्याच वळणाचं. जनुकाची नक्कल उतरते ती आख्ख्या ठाणासारखी लांबलचक. कामाचे तुकडे थोडे, मधलं बिनकामाचं कापड फार. पेशीतल्या कात्र्या खडूच्या खुणा बघून बिनकामाचं कापून टाकतात आणि कामाचे तुकडे एकमेकांना जोडतात. हे झालं जोडकाम. शेवंतीच्या बिनकामाच्या कापडात एकच अक्षर बदललं होतं, आणि तिथं एक खोटी खूण उमटली होती. कात्र्या फसल्या. सदऱ्यात मधेच एक चिंधी शिवली गेली, आणि डोळ्याला हवं ते प्रथिन अर्ध्यावरच थांबलं.

"म्हणजे कापड चांगलं, शिंपीही चांगला," सर म्हणाले. "खूण तेवढी झाकायची."

"झाकपट्टीचं औषध पंधरा दिवसांत तयार होईल."

सरांचा चहा निवत चालला होता. "पण अक्षर बदललेलं होतं, तर यंत्राला तीनदा दिसलं कसं नाही?"

दिसलं होतं. हेमांगीनं सकाळीच ते शोधून काढलं होतं, आणि सांगायचं कसं याच विचारात ती होती. यंत्रानं ते तिन्ही वेळा टिपलं आणि तिन्ही वेळा गाळलं. निरोगी माणसाच्या रक्तात जे अक्षर आहे ते दोष असू शकत नाही, असं त्याला शिकवलेलं. निरोगी माणूस म्हणजे नमुना क्रमांक शून्य. सव्वीस वर्षांपूर्वी यंत्र बसलं त्या दिवशी कुणीतरी नारळ आणला. ठोंबरे सरांनी तो परत पाठवला, बाही सारली आणि स्वतःचं रक्त दिलं. नव्या माणसाला केंद्रात ही गोष्ट अभिमानानं ऐकवली जाई. हेमांगीनंही ती तिघांना ऐकवली होती.

तिनं अहवालातल्या शून्य क्रमांकावर बोट ठेवलं, आणि तेच अक्षर आपल्याही रक्तात आहे हे सर समजले.

"माझ्या जनुकाची दुसरी प्रत नीट असणार."

"हो सर. एक नीट असली की डोळा चालतो. शेवंतीच्या दोन्ही बिघडल्यात."

"शून्य काढून टाक. आणि आजवर निर्दोष म्हणून घरी पाठवले ते सगळे पुन्हा वाचून घे."

अर्ध्या तासात हीच चूक असलेली अकरा नावं आली. सर्वांत जुना नमुना वर होता, क्रमांक एक : निशिकांत वामन ठोंबरे.

सरांचा मुलगा नागपूरला वकील आहे आणि त्याला दिसत नाही, एवढंच हेमांगीला ठाऊक होतं. सरांनी ते नाव दोनदा वाचलं. मग शांतपणे सांगितलं, की त्याची आई त्यांच्या मामाचीच मुलगी, एक बिघडलेली प्रत तिची, एक त्यांची. हे यंत्र त्याच्यासाठीच आणलेलं. तो आठ वर्षांचा होता. चौदाव्या वर्षापर्यंत त्याला थोडं थोडं दिसत होतं.

हेमांगी उठू लागली, पण सरांनी तिला हातानं बसवलं आणि तिच्यासमोरच फोन लावला. अहवाल वाचावा तसं त्यांनी मुलाला ओळीनं सारं सांगितलं. अक्षर, खूण, कात्री, शेवंती, अकरा नावांची यादी, आणि ज्यानं ती चूक झाकली ते रक्त कुणाचं होतं तेही. पलीकडे कोर्टाच्या व्हरांड्यातली गडबड ऐकू येत होती.

"बाबा," निशिकांत म्हणाला, "ती मुलगी केवढी आहे?"

"नऊ वर्षांची."

"आणि यादीतले बाकीचे?"

"दोघं तिच्याहून लहान आहेत."

"मग माझ्याशी काय बोलत बसलात? तुमच्याशी भांडायला मी रविवारी येतो. आधी त्यांना फोन लावा."

सरांनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि हेमांगीला लांजेवारांचा नंबर विचारला.