रिकाम्या पेटीतले दोन सुळके

आधी हातातलं खाऊन संपवा. नंतर म्हणू नका, मामाने आधी सांगितलं नाही. आणि तू रे, आतापासून दात काढू नकोस. भुताची गोष्ट हवी म्हणून मघापासून डोकं तुम्हीच खाताय माझं.

माझा साडू तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडे आला की धुतलेला पेलासुद्धा पुन्हा तीनदा विसळतो, तोच. हे त्याच्या बाबतीत घडलं, तो काम करतो त्या प्रयोगशाळेत. तेवीस वर्षं झाली. फेब्रुवारीची सव्वीस तारीख, शुक्रवारची रात्र.

संध्याकाळी त्याला साधंच काम सांगितलं होतं, हॉस्पिटलमधून एक बरणी आणायची. बरणीत फुप्फुसाचा तुकडा होता. करडा, औषधाच्या पाण्यात हलणारा. साडूने ती पिशवीत पिशवी घालून घेतली आणि हात अंगापासून लांब धरून प्रयोगशाळेपर्यंत चालत आला.

तुकडा होता पैलवानाचा. पैलवान म्हणजे तिथला कोठार सांभाळणारा, अगदी काडीसारखा, म्हणून पैलवान. किरणोत्सारी धातूंच्या गोळ्या त्याच्या ताब्यात असायच्या. एकदा कोबाल्टची एक गोळी फुटली, भुकटी सांडली. मोठ्या साहेबांनी बोभाटा नको म्हणून गुपचूप त्याच्याच हातात झाडू दिला. वर म्हणाले, तोंडाला रुमाल बांध. रुमाल! पुढे तो बिचारा खोकून खोकून मेला, आणि हेच साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बिड्यांनी गेला." त्याची बायको मात्र अडून बसली. "त्यांनी जन्मात बिडीला हात लावला नाही. ते माझ्याशी खोटं बोलायचे नाहीत. तपासा तुम्ही."

तपासायला नवाकोरा स्पेक्ट्रोमीटर आला होता. त्याचं कसं असतं, किरणोत्सारी पदार्थ आतल्या आत झिजत असतो आणि झिजताना किरण सोडतो. प्रत्येकाच्या किरणांची ऊर्जा ठरलेली. यंत्र ती मोजतं, आणि पडद्यावर नेमक्या त्या जागी सुळका उभा राहतो; पदार्थ जितका जास्त, सुळका तितका उंच. कोबाल्टचे दोन, शेजारी शेजारी. वस्तू ठेवायची शिशाच्या जाड पेटीत, म्हणजे बाहेरची लुडबूड आत नको.

यंत्राची चाचणी साडूकडे. आधी त्याने ओळखीची, बंद कोबाल्टची गोळी ठेवून पाहिली. दोन सुळके, जागच्या जागी. ती गोळी पलीकडच्या इमारतीत पोचवून आला. मग रिकामी पेटी लावली. पडदा सपाट. यंत्र चोख होतं. आता फक्त बरणी आत ठेवायची होती.

तेवढ्यात साहेब आले. साडूच्या खांद्यावर हात ठेवला. "बरणी राहू दे. पेटी रिकामीच लाव, नाव बरणीचं घाल. सकाळी सात वाजता मला सपाट आलेख दे. माझ्यानंतर ही खुर्ची कोणाला द्यायची, ते मीच सांगणार आहे ना?"

आणि आमचे साडू, पेला तीनदा विसळणारे, काय म्हणाले असतील? "बरं साहेब." शी! मला तर भुतापेक्षा त्या "बरं साहेब"चीच जास्त शिसारी येते.

साहेब गेले. साडूने बरणी बाहेरच्या खोलीत फ्रीजमध्ये ठेवली. पेटी पुसली, दार लावलं, बरणीचं नाव घातलं. चहा प्यायला. साडेअकराला पडद्याकडे बघतो तर दोन सुळके उभे.

तो वैतागला. म्हणाला, गोळीचं काहीतरी आत सांडलं असणार. हातमोजे चढवले, स्पिरिटचा बोळा घेतला, दार उघडलं. पेटी रिकामीच. पण वास... औषधाचा, आणि त्याखाली आजारी माणसाच्या उशाशी ठेवलेल्या भांड्याचा. बोळा फिरवला. तो बाहेर आला तेव्हा त्याला काहीतरी चिकटलं होतं. गुलाबी, फेसाळ. तार सुटत होती त्याची...

तोंड काय वाकडं करतेस? सांगितलं होतं ना खाऊन घे म्हणून!

साडू बेसिनकडे धावला. बेसिनपर्यंतही पोचला नाही. मोज्यांतच ओकला. ते फेकले, दुसरे घातले, पुन्हा पुसलं. पुन्हा फेस. पुन्हा पुसलं. फ्रीज उघडून पाहिला, बरणी सीलबंद, पाणी काठोकाठ. परत आला. दार लावून यंत्र सुरू केलं.

सुळके दुप्पट.

आता शहाणा माणूस काय करेल? दिवा मालवून घरी जाईल. पण याच्या डोळ्यांपुढे खुर्ची! सातच्या आत पडदा सपाट हवा. तो तसाच उभा राहिला.

दोन वाजले असतील.

पेटीतून कुणीतरी खोकलं.

शिसं इतकं जाड... आतला आवाज बाहेर येतच नाही. पण खोकलं. ओलं. खोलवरून. मग घरघर.

साडू हलला नाही. पुन्हा खोकलं.

"पैलवान?"

...

मोजे संपले होते. त्याने दार उघडलं. डोळे मिटले. उघडा हात आत घातला. जे असेल ते ओढून काढायचं आणि मोकळं व्हायचं.

हाताला लागलं.

ऊबदार. बुळबुळीत. मऊ.

तळहातात... फुगलं.

मग बसलं.

पुन्हा फुगलं...

त्याने किंचाळून हात ओढला. हात कोरडा, स्वच्छ. पेटी रिकामी. वास नाही, काही नाही. त्याने यंत्र पुन्हा सुरू केलं आणि पहाटेपर्यंत भिंतीला पाठ लावून बसला. पडदा सपाट राहिला. एकदम सपाट.

इतकं झाल्यावर तरी माणसाने बरणी आत ठेवावी की नाही? नाही ठेवली! सातला साहेबांना आलेख दिला, त्याच हाताने सही केली.

दहाला पैलवानाची बायको आली. साडूने तिला बरणी परत दिली आणि सांगितलं, "वहिनी, काही सापडलं नाही."

तिने बरणी दोन्ही हातांनी घेतली. मग म्हणाली, "म्हणजे ओढत होते. आणि मला शेवटपर्यंत नाही म्हणत राहिले." एवढं बोलून बरणी पदराखाली धरून गेली. त्यानंतर तिने नवऱ्याचं नाव कुणाजवळ काढलं नाही म्हणतात.

महिनाभरात साहेब निवृत्त झाले आणि खुर्ची मिळाली साडूला. पहिल्याच सोमवारी तिच्यावरून उठून तो यंत्र बघायला गेला, पेटीचं दार लावताना उजवा हात आत राहिला आणि पडद्यावर दोन सुळके आले. त्याने हात धुतला. साबणाने, स्पिरिटने, विटेच्या तुकड्याने, रक्त येईस्तोवर. डॉक्टर म्हणाले, कातडीवर काही नाही, कातडीखालीही नाही. तेव्हापासून तो डाव्या हाताने, चमच्याने जेवतो. मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, त्या बाईला जाऊन सांग तरी." तर म्हणे, "आता काय उपयोग?" असा हा माणूस! त्याने दिलेलं पाणी मी पीत नाही, ते काही उगीच नाही.

कोबाल्ट पाच-सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. मग निम्म्याचा निम्मा. तेवीस वर्षांत विसावा हिस्सा उरायला हवा, तो निसर्गाचा नियम आहे, साहेबाच्या बापालाही बदलता येत नाही. साडू दर वर्षी त्या तारखेला हात पेटीत धरतो. परवा पुन्हा धरला.

दोन्ही सुळके पहिल्या दिवशी होते तेवढेच आहेत.