आस्केलथॉर्पांचं पान

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्याच घरात घडली, आणि रात्री नाही, भर दुपारी. विश्वास ठेवाच असा आग्रह नाही. माझाही बसला नव्हता.

२०१६. ऑकलंड, बॉटनी डाउन्स.

शेजारी मिस्टर आस्केलथॉर्प राहायचे. वय नव्वद. एकटे.

पहिल्याच भेटीत मी सवयीने विचारलं, "मूळ गाव कुठलं तुमचं?"

म्हातारा हरखला. आयुष्यात कुणी विचारलंच नव्हतं म्हणे.

इंग्लंडात थॉर्प म्हणजे वाडी. आस्केल नावाच्या कुणाची तरी वाडी. एका साथीत सगळी मेली. मेंढरं घेऊन डोंगरावर गेलेली एक मुलगी तेवढी वाचली. तिच्या पोरांनी वाडीचं नाव लावलं.

"आता मीच शेवटचा," ते म्हणाले. "नाव गेलं, की त्या वाडीतल्यांना कोण विचारणार?"

"असं कसं? आम्ही आहोत ना!"

हे आपण कुणालाही म्हणतो.

त्यांनी मात्र माझ्या आठ वर्षांच्या जुईकडे बघितलं... बराच वेळ.

जुलैत ते गेले. सर्वपित्रीला माझ्या बायकोने, अनुराधाने, आमच्या पितरांशेजारी त्यांचंही पान कुंपणापाशी ठेवलं.

ऑकलंडमध्ये कावळे नाहीत. ते खातं सीगल सांभाळतात.

एक आला. आस्केलथॉर्पांच्या पानाला शिवला. मग दुसरा... मग अख्खं कुंपण पांढरं झालं.

एकही ओरडत नव्हता.

आमच्या आजोबांचं पान तसंच राहिलं.

"बाबा, व्हाय सो मेनी पीपल?" जुईने विचारलं.

"पक्षी आहेत गं ते."

"नॉट द बर्ड्स."

२०१८ मध्ये आम्ही हॅमिल्टनला गेलो. नोकरीसाठी, असं सगळ्यांना सांगितलं.

सर्वपित्रीला अनुराधा म्हणाली, "यंदा कुणाचंच पान नको."

दुपारी बारा. घर शांत... फ्रिजचीही घरघर नाही.

मग ताट ठेवल्याचा आवाज.

आणखी एक... आणखी एक...

जुई मागच्या अंगणात ताटं मांडत होती. ताटं संपली, मग बशा. मग डब्यांची झाकणं.

"जुई!"

वळली नाही.

"जुई, आत ये गं!" अनुराधाचा आवाज फाटला.

नाही.

मला का सुचलं, ठाऊक नाही. मी हळूच म्हणालो, "मिस आस्केलथॉर्प..."

तिने लगेच मान वळवली. शेजाऱ्याकडे बघून हसावं, तशी हसली.

दुसऱ्या दिवशी ती जुईच होती. तिला काही आठवत नव्हतं.

यंदा, २०१९ला, सर्वपित्री अठ्ठावीस सप्टेंबरला आहे. अनुराधाने चाळीस ताटं आणून ठेवली आहेत.

पुरतील का, ते विचारणार कुणाला?