येऊरचं आमिष

राघो, त्या नंदाला मध्ये बसव. काठावरचं माणूस आधी जातं म्हणतात. अगं, रडतेस काय? मी आपलं म्हणतो.

तर नौपाड्यातल्या आमच्या चाळीत, तळमजल्यावर, देवराम मास्तर राहायचे. कॉलेजात शिकवायचे आणि येऊरच्या डोंगरात भुंगेरे मोजायचे. रानाच्या कुठल्या तुकड्यात किती जातीचे भुंगेरे, यावर त्यांचा मोठा प्रबंध. मी चौथी नापास. मी विचारायचो, "मास्तर, त्यांची रेशनकार्डं काढणार काय?" बिचारे हसायचे. हसायलाही ताकद लागते, ती उरलेली नसायची. दिवसभर पोरं, संध्याकाळी डोंगर, अशी तीन वर्षं. यंदा प्रबंध दिला नाही तर नोकरी जाणार होती. रानाचा एकच तुकडा राहिलेला, आणि नेमका तिथं एकही भुंगेरा पडत नव्हता.

पद्धत साधी. प्लास्टिकचा पेला जमिनीत पुरायचा, काठ मातीच्या बरोबरीनं. वर काडीला सडका बांगडा टांगायचा. भुंगेरा वासानं येतो, पाय घसरतो, आत.

अठ्ठ्याऐंशी साल. सर्वपित्री अमावास्या. दिवेलागणीला मास्तर जनाबाई कोळणीकडं बांगडे घ्यायला गेले.

"मास्तर, सडका म्हावरा घेऊन आवसेचे राती रानान चाललास?" जनाबाई म्हणाली. "आज खानारं लय असतान."

"खाऊ देत. माझं काम झालं म्हणजे पुरे."

पुढचं मला मास्तरांनीच सांगितलं. एकदाच. पुन्हा विचारलं तर उठून जायचे.

रानात पोचले तेव्हा मिट्ट काळोख. टॉर्च लावून पहिला पेला बघितला. रिकामा. वरचा कालचा बांगडा गायब. मुंगूस असेल. दुसरा रिकामा. तिसराही. काडीची गाठ तुटलेली नव्हती... सोडलेली होती. नीट. बोटांनी.

मास्तर थांबले. मागचा पाचोळा वाजायचा थांबला.

"कोण आहे?"

मास्तर तसेच पुढं गेले. पेल्यांची ओळ संपली. शेवटच्या पेल्यापुढं मास्तरांनी काहीच लावलेलं नव्हतं. तरी तिथं एक काडी होती. उंच. आणि काडीला टांगलेली बरणी.

बरणीत भुंगेरे. हिरवे, निळे, शिंगवाले. वळवळणारे. तीन वर्षांत बघितले नव्हते असे.

मास्तरांचा हात पुढं गेला. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकायचं... दमलेला माणूस. मटकन खाली बसले.

हातातली टॉर्च सुटली. घरंगळली. बरणीखालच्या पाचोळ्यात शिरली.

उजेड खाली गेला.

अजून खाली...

अजून...

आवाज आलाच नाही.

राघो, समजलं का रे? काठ मातीच्या बरोबरीनं होता.

आणि मागं, अगदी मानेशी, कुणीतरी सुस्कारा टाकला. दमलेला. मास्तर रोज रिकामा पेला बघून टाकायचे ना, तस्साच.

मास्तर कसे पळाले, त्यांनाच ठाऊक. पहाटे घरी आले, पांघरूण घेऊन पडले.

सकाळी मी ओट्यावर मिश्री लावत होतो. मास्तरांच्या बायकोनं, मंजुळा वहिनींनी, दार उघडलं आणि ओरडल्या, "अहो, उठा! तुमचे किडे! बरणी भरून आणून ठेवलीय कुणीतरी! नोकरी वाचली हो!"

उंबऱ्याबाहेर फरशीवर बरणी. आत वळवळ.

मास्तर दाराशी आले, माझ्याकडं बघितलं. चाळीतली प्रत्येक खोडी माझ्याच नावावर असायची. पण आईशप्पथ सांगतो, ती बरणी माझी नव्हती.

वहिनींनी पाऊल उचललं. मास्तरांनी त्यांचं मनगट धरलं.

"सोडा ना! आजची शेवटची तारीख..."

"जाऊ दे नोकरी," मास्तर म्हणाले.

मग दारामागची काठी घेतली. आतूनच हात लांब केला आणि बरणीशेजारची फरशी हळूच ठोकली.

पोकळ.