गाळणीयंत्राचे मास्तर

पहिल्याच भेटीत मी त्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं. मुद्दाम नाही हो... मी शेडची फरशी धूत होते आणि हा नेमका दारात. चष्मा पुसत म्हणाला, "मध गाळायचं यंत्र इथंच बसवायचंय ना? की आधी पोहायला शिकू?"

रानातला मध काढणं आमच्या जमातीच्या हाडात आहे. पण पिढ्यानपिढ्या तो मध व्यापारी न्यायचा, गाळायचा आणि स्वतःच्या नावानं विकायचा. आता आम्हा बायकांची संस्था झाली, यंत्र आलं आणि ते शिकवायला हा आला. सगळे त्याला मास्तर म्हणू लागले. अट एवढीच, की आमच्यातल्या एकीनं कुणाच्या मदतीशिवाय यंत्र खोलून, धुऊन, जोडून चालवलं, की मास्तरांनी सही करून जायचं. ती एक म्हणजे मी.

आठवड्याभरात मला सगळं यायला लागलं. पण त्याच्या बोटांशेजारी नट आवळताना काळजाचा ठोका चुकायचा... मग मी मुद्दाम जाळी उलटी बसवायची. तो म्हणायचा, पुन्हा करू. मी म्हणायची, करू की. आई गेल्यापासून घरात बोलायला भिंतीच होत्या. माझं दिवसभराचं बोलणं त्या शेडमध्येच व्हायचं.

महिन्यानं आत्यानं मला बाजूला घेतलं. संस्था तीच चालवते.

"झोपेचं सोंग पुरे. तुला जमत नाही असं समजून बाया घाबरल्यात. उद्याच्या बैठकीत यंत्र व्यापाऱ्याच्या हवाली करायचं म्हणतायत."



बैठकीत सगळ्यांसमोर मी यंत्र खोललं, धुतलं, जोडलं. एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. मधाची धार लागली, बाया हसल्या आणि माझे डोळे भरले.

सही करताना तो हळूच म्हणाला, "तुम्हाला दुसऱ्याच आठवड्यात येत होतं."

"मग तेव्हाच सही का नाही केलीत?"

"मला जायचं नव्हतं..." तो कागदाकडेच बघत होता. "तुम्ही राहा म्हणालात, तर राहतो."

"राहिलात तर लोक म्हणतील, मास्तरांशिवाय यांचं पान हलत नाही."

"आणि तुमचं?"

"माझं नाहीच हलत," मी म्हणाले. "पण जा."

तो गेला. बाटल्यांवर आता आमच्या संस्थेचं नाव असतं. आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, आम्हाला बाहेरचं कुणी लागत नाही. मी मान डोलावते आणि यंत्र सुरू करते. त्याचा आवाज मोठा आहे, रडलं तरी कुणाला ऐकू जात नाही.