गाणं संपेपर्यंत

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या मराठी मंडळाला कार्यक्रमांसाठी दोन स्पीकर हवे होते. रेडिंगच्या पलीकडे एका गावात पबमागचा जुना हॉल रिकामा करत होते, तिथे ते मिळणार होते. आणायला कोण जाणार, हे विचारायची वेळच आली नाही. दीनानाथांनी आधीच कोट चढवला होता.

या माणसाला अमेरिकन लोकगीतांचं वेड होतं. बँजो, फिडल, ती सूर घसरवत नेणारी स्टील गिटार, आणि कधी न पाहिलेल्या धुळीच्या रस्त्यांची, रुंद नद्यांची गाणी. नागपूरहून आल्यापासून वीस वर्षं दर गुरुवारी ते त्या हॉलमधल्या मैफलीला हजर असत. लॉकडाऊनमध्ये हॉल बंद पडला तो पडलाच. हवं ते गाणं फोनवर मिळतं, पण समोर बसून ऐकायची भूक फोनवर भागत नाही, हे ते भेटेल त्याला सांगत. ऐकणारा कंटाळला तरी सांगत.

हॉलचा एक नियम होता. गाणं चालू असताना दार उघडायचं नाही. उशिरा येणाऱ्याने दाराच्या काचेबाहेर थांबायचं, टाळ्या पडल्या की आत यायचं. मध्येच दाद देणंही तिथल्या रीतीत बसत नव्हतं. पहिल्याच वर्षी दीनानाथांच्या तोंडून एक खणखणीत ‘वा!’ निघून गेला होता आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मुलगी कस्तुरी लहानपणापासून त्यांच्याबरोबर यायची. तिलाही त्यांनी हे सगळं नीट घोटवून दिलं होतं.

डिसेंबरातला रविवार होता. तीन वाजून गेले होते आणि उजेड विझत चालला होता.

“बाबा, इथे डबल यलो लाइन आहे, थांबता येत नाही. मी गाडी पुढे कुठेतरी पार्क करून येते,” इंग्लंडातच वाढलेली कस्तुरी आपल्या अर्ध्याकच्च्या मराठीत म्हणाली. “तुम्ही एकटे उचलू नका हं. तुमचा पाठ परत दुखेल.”

पबवाल्याकडून चावी घेऊन दीनानाथ आत गेले. शिळ्या बिअरचा आणि ओल्या लाकडाचा वास आला. हीटिंग कधीचं बंद होतं, श्वासाची वाफ दिसत होती. खुर्च्या अजून रांगेत होत्या. स्पीकर मागच्या भिंतीशी ठेवलेले होते. त्यांनी वाकून हात लावला आणि त्यांना राहवेना.

“एकदाच,” ते रिकाम्या हॉलला म्हणाले. “एकदा बसून ऐकायला मिळू दे.”

मागे कुणीतरी तार जुळवली.

ते वळले. खुर्च्या भरलेल्या होत्या. स्टेजवर टोपी खाली ओढलेला एक उंच माणूस गिटार घेऊन बसला होता, आणि तो गायला लागला. खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी दीनानाथांना भीती वाटलीच नाही. झाला तो आनंदच. तोच घसरता सूर, तोच फळीवर पडणारा बुटाचा ठेका! कसं, कुठून, हे विचारायचंही त्यांच्या मनात आलं नाही.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या आणि सगळ्या एकदम थांबल्या. दार उघडून एक बाई आत आली. हातात भाजीची पिशवी, गाल थंडीने लाल, तोंडातून वाफ. ती एका खुर्चीत बसली आणि तिची वाफ थांबली. पिशवी हातातून सुटून खाली पडली. तिने खाली पाहिलंसुद्धा नाही.

दीनानाथांनी मग बाकीच्यांकडे पाहिलं. एवढा गारठा, आणि एकाच्याही तोंडाशी वाफ नव्हती. फक्त त्यांच्या.

दुसरं गाणं सुरू झालं होतं. ते एका नावेचं होतं. दर कडव्यात एक उतारू चढत होता: एक नवरी, एक सुतार, भाजी घेऊन आलेली एक बाई... हॉलमध्ये आता एकच खुर्ची रिकामी होती. दीनानाथांनी दाराकडे पाऊल उचललं. फळी करकरली आणि सगळ्यांचे खांदे एकदम ताठ झाले. दीनानाथ जागच्या जागी थिजले.

तेवढ्यात काचेबाहेर कस्तुरी येऊन उभी राहिली.

गाणं ऐकून तिचा चेहरा खुलला. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि शहाण्या मुलीसारखी थांबून राहिली. टाळ्या पडायची वाट पाहत.

जा... दीनानाथांनी हाताने खुणावलं. जा, बाळा... तिने हसून अंगठा दाखवला.

गायक शेवटच्या कडव्यावर आला. एक जागा उरली आहे, दाराशी एक पोर उभी आहे. आता राहिली एकच ओळ. दीनानाथांच्या तोंडून आपसूक निघालं, “वा!”

गायक थांबला नाही. आपल्याकडचा गवई दाद मिळाल्यावर ओळ पुन्हा घेतो, तसा तो कडव्याच्या सुरुवातीला परत गेला.

पुन्हा तेच कडवं. पुन्हा तेच काठावर येणं. “वा!” दीनानाथ ओरडले. तिसऱ्यांदा आवाज फाटला. चौथ्यांदा नुसता खरखरला, आणि गायकाने टोपीखालून पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं. आता पाचव्यांदा आपला आवाज फुटणार नाही, हे त्यांना कळून चुकलं.

ते धावले. खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. कोटाला कुणाची तरी बोटं लागली. दार उघडून त्यांनी कस्तुरीचा दंड धरला आणि गाडीपाशी पोहोचेपर्यंत सोडला नाही.

गाडी मोटरवेला लागली. तिचा हात त्यांनी पुन्हा चाचपला. गरम होता. डोळे भरून आले.

“बाबा, काय झाला? स्पीकर पण राहिले. आणि गाणं अर्धाच राहिला...”

“राहू दे, बाळा. घरी चल.”

“पण किती सुंदर होता.” ती गुणगुणायला लागली. नवरी, सुतार, भाजी घेऊन आलेली बाई. दाराबाहेर ती कितीशी थांबली होती? पण सगळी कडवी तिला पाठ होती.

“कस्तुरी, नको. रेडिओ लाव.”

तिने ऐकलं नाही. ऐकूच गेलं नसावं. बोटं स्टिअरिंगवर ठेका धरत होती, नजर समोर होती आणि गाडीचा वेग वाढत होता. शेवटचं कडवं संपत आलं. तिने शेवटच्या ओळीसाठी श्वास घेतला.

“वा!” दीनानाथ घशातून कसंबसं म्हणाले.

कस्तुरी हसली आणि कडव्याच्या सुरुवातीला परत गेली.

पाटीवर मेडनहेड अजून वीस मैल होतं.